पाठमोरं नाणं

परमेश्वरानं सूर्य-चंद्राचा नमुना पक्का करण्याआधी आमच्या व्याह्यांचं मत घेतलं असतं, तर सृष्टी अजून अंधारात चाचपडत बसली असती. सूर्य एक वेळ पास झाला असता. चंद्र मात्र त्यांनी नक्की परत पाठवला असता. "गोल बरोबर शे, पन मधमा हाऊ डाग कसाना शे?" असं विचारलं असतं, आणि बिचाऱ्या परमेश्वरानं डाग पुसून आणला असता, तर "आते निस्ती थाळी दिखस" म्हणून पुन्हा परत. माणूस शेतकरी, पिढ्यान्‌पिढ्या तापीकाठची शेती, शहाद्याच्या पुढं गावात बरा मोठा बारदाना. पपई आणि केळी सोडून त्यांनी आयुष्यात दुसरं काही लावलं नाही. पण नाणी, पदकं, बिल्ले यांच्यावर काय असावं आणि काय नसावं, याबद्दल त्यांच्याइतकी ठाम मतं टांकसाळीतही कुणाची नसतील.

आता नाण्याचा शौक म्हटला की माणूस जुनी नाणी जमवतो. व्याह्यांना त्यात काडीचा रस नाही. त्यांना चिंता पडते ती अजून न निघालेल्या नाण्यांची. गावात नळाला पाणी आलं, कुणाची पोरगी फौजदार झाली, एखाद्याची म्हैस बुडता बुडता वाचली, की हे मान तिरकी करून म्हणणार, "यानं नाणं काढाले जोयजे." आणि नुसतं म्हणून थांबतील तर ते व्याही कसले! छापाला काय घ्यायचं, काट्याला काय घ्यायचं, म्हैस पूर्ण घ्यायची की नुसती शिंगं, यावर तासभर खल. ऐकायला मी. आमच्याकडे व्याह्याला याही म्हणतात. "बरोबर शे ना, याही?" असं त्यांनी विचारलं की मी मान हलवतो. मुलीचा बाप पडलो, बोलतो कोणाला!

त्या मुलीच्या लग्नातच मला या प्रकरणाचा पहिला झटका बसला. पाहुण्यांना चांदीचं छोटं नाणं द्यायचं ठरलं होतं. सराफाकडे लक्ष्मी-गणपतीचे ठसे तयार असतात, अर्ध्या तासाचं काम. पण व्याह्यांनी लक्ष्मी नाकारली. म्हणाले, लक्ष्मी असली की लोक नाणं देव्हाऱ्यात ठेवतात, पूजा करतात आणि लग्न कुणाचं होतं ते विसरून जातात. मग सुरतच्या कारागिराकडून खास ठसा करवला आणि नाण्यावर काढलं पपईचं झाड, कारण त्या वर्षी पपईनं हात दिला होता. झाड सुबक होतं, खोटं कशाला बोलू? पण निम्म्या पाहुण्यांना तो नारळ वाटला आणि माझ्या सख्ख्या मावशीनं ते नाणं तरीही देव्हाऱ्यात ठेवलं. अजून हळदकुंकू वाहते.

नातीला रांगोळी स्पर्धेत पदक मिळालं तेव्हाची गोष्ट तर आमच्या दोन्ही घरांत अजून सांगतात. पोरगी नाचत घरी आली. व्याह्यांनी चष्मा काढला, पदक हातभर लांब धरलं, एक डोळा मिटला. ही त्यांची परीक्षेची रीत. पदकावर धावणारा माणूस होता. बाजारात तेच तयार मिळतं. निबंधालाही तोच धावतो, वक्तृत्वालाही तोच. व्याही गंभीरपणे म्हणाले, "रांगोळी काढीसनी हाऊ पयी कोठे ऱ्हायना?" पोरगी रडायला लागली. दुसऱ्या दिवशी आजोबांनी स्वतः शहाद्याला जाऊन, पितळी चकतीवर ठिपक्यांची रांगोळी कोरून घेऊन तिच्या गळ्यात घातली, तेव्हा कुठे घर शांत झालं.

असा माणूस गावात असताना शाळेच्या अमृतमहोत्सवाचं नाणं कसं असावं हे दुसऱ्या कुणाला विचारणार? त्यातून शाळा काढली ती त्यांच्या वडिलांनी, आबांनी. समिती नेमली, व्याही तिचे प्रमुख. माझ्याकडे गाडी आहे म्हणून मीही सदस्य. सुरतहून व्हॉट्सअ‍ॅपवर नमुने यायचे आणि व्याही ते एकेक करून उडवायचे. पुस्तक आणि लेखणी? "पोरे आते मोबाइलवर लिखतस." शाळेची इमारत? "पत्रा बदलाना शे औंदा." सातपुड्यामागून उगवता सूर्य? सातपुडा उत्तरेला असताना सूर्य तिकडून कसा उगवेल, हे ऐकून तर भूगोलाचे शिक्षकच ओशाळले. शेवटी संस्थेचे अध्यक्ष वैतागले. म्हणाले, "आता वाद नको. सभागृहात आबांचा फोटो आहे, तोच चेहरा घेऊ नाण्यावर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्याही एवढंच म्हणाले, "नही."

आधी लोकांना वाटलं, विनय. मग कुजबुज सुरू झाली. बापानं जमीन शाळेला दिली, त्याचा राग पोराच्या पोटात अजून असेल. त्यातच त्यांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा, तापीपलीकडून गुजरातेतून फोन आला. नव्वदीच्या घरातल्या अक्का. त्यांच्या देवघरात त्याच फोटोची प्रत आहे. "भाऊ, मन्हा डोया मिटाना आगोदर आबाले नाण्यावर दखू दे." अक्कांना मात्र व्याही हो म्हणेनात, नाही म्हणेनात. मी पहिल्यांदाच त्यांना मत नसलेलं पाहिलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

त्या दिवशी सभेहून परतताना लोणखेड्याला चहाला थांबलो. कप तसाच ठेवून ते म्हणाले, "याही, तो फोटो जित्ता माणूसना नही शे."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. आबा ध्यानीमनी नसताना गेले. शाळा तेव्हा नुकती उभी राहिली होती. माणसं जमली आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की आबांचा एकही फोटो नाही. शहाद्याहून फोटोवाला आणला. आबांना आंघोळ घालून, फेटा बांधून खुर्चीत बसवलं. मान पडू नये म्हणून मागून कुणीतरी डोकं धरायला हवं होतं. मोठी माणसं फोटोत दिसली असती, म्हणून खुर्चीच्या पाठीशी लहानग्या व्याह्यांना उभं केलं. "डोया फोटोवालानी नंतर ब्रशघाई काढात," ते म्हणाले. मिटल्या पापण्यांवर रंगानं उघडे डोळे. तापीला पूर होता. सासरी गेलेली अक्का पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. तिच्या हाती आला तो फोटो. "तिले वाटस, आबा शाळाना उद्घाटनले बठेल शेतस. रोज फूल वाहस. तिले काय सांगू मी? आनि न सांगता तो चेहरा हजार नाण्यांवर कसा ठोकू?"

मी चहाचे पैसे दिले, गाडी काढली आणि त्यांना थेट घरी पोचवलं. 

पुढच्या सभेला व्याही एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर काढलेलं चित्र घेऊन आले. फेट्याचा शेमला, डावा खांदा जरा उतरता, आणि सदऱ्याच्या कॉलरला मागून अडकवलेली छत्री. पाठमोरा माणूस. आबा घरोघर पोरं गोळा करत हिंडायचे ते असे. चित्र सभेत हातोहात फिरलं. मग अध्यक्ष म्हणाले, "अहो, पाठ? लोक म्हणतील संस्थापक शाळा सोडून चालले!"

"सोडीसनी नहीत, पुढे चाली ऱ्हायनात," व्याही म्हणाले. "मांगे पोरे शेतस. ज्याना हातमा नाणं, तो आबाना मांगे."

 मंजूर झालं, थोडं पटलं म्हणून, थोडं सगळे दमले होते म्हणून. सुरतच्या कारागिराला मात्र वाटलं, खेड्यातल्या लोकांनी चित्र चुकून उलटं पाठवलं. त्यानं आपल्या मनानं मान वळवून छान मिशीवाला चेहरा काढून दिला. व्याह्यांनी फोनवर त्याला ज्या गुजरातीत समजावलं, ती मी इथं लिहू शकत नाही.

समारंभाच्या दिवशी अक्कांना गाडी करून आणलं. चेहरा नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम व्याह्यांचं आणि त्यांचा धीर झाला नव्हता. सकाळपासून मांडवात नुसत्या येरझाऱ्या. मी म्हटलं, "अहो, रागावल्या तर रागावल्या, बहीणच आहे." त्यांनी ऐकलं नाही. नाण्याची डबी त्यांनी स्वतः उघडून अक्कांच्या हातात दिली आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

अक्कांनी नाणं पाहिलं. उलटलं. तिकडे शाळेचं नाव. चेहरा शोधत पुन्हा सुलटं केलं. अध्यक्षांनी घसा खाकरून काही समजावायला तोंड उघडलं, पण अक्कांचं बोट तोवर त्या उतरत्या खांद्यावर जाऊन थांबलं होतं.

"अरे, हाई तं आबा!" त्या म्हणाल्या. मग भावाकडे पाहून, जरा लाजल्यासारखं, "फोटोमा दखस मी रोज, भाऊ. पन त्या मन्हाकडे कधी दखतस नहीत. आते हाक मारी तं मांगे दखतीन."

आणि मांडवातल्या त्या गडबडीत, सनई वाजत असताना, नव्वदीच्या घरातल्या अक्कांनी नाणं तोंडाजवळ नेलं आणि हळूच हाक मारली, "आबा…"

व्याह्यांनी माझा हात धरला होता. तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही.