मोतद्दाराचं पदक

माझ्या कपाटातले तीन खण मलायातल्या सुलतानांचे आहेत. जोहोर, पेराक, केदाह, पहांग, सेलांगोर. तिथं अजून राजे आहेत, आणि राजे आहेत म्हटल्यावर वाढदिवसाला मानसन्मान वाटणं आलंच. कुणाला छातीवर लावायचा चांदीचा तारा, कुणाला खांद्यावरून घ्यायचा पिवळा पट्टा, कुणाला नुसतं सेवेचं पदक. आपल्याकडं शाल-नारळ देतात. नारळाची चटणी होते आणि शाल पुढच्या सत्काराला जाते. तिथली पदकं मात्र घरात टिकतात, आणि कर्ता माणूस गेला, मुलं पांगली की बाजारात येतात. मग माझ्यासारखे लोक ती उचलतात.

मी चाकणच्या एका कंपनीत बाहेरून आलेल्या मालाची तपासणी करतो. कंपनीनं मला मलेशियातल्या कारखान्यात सहा महिने पाठवलं होतं, तिथं हा नाद लागला. पहिला तारा रविवारच्या जुन्या बाजारात एका म्हातारीकडून घेतला. माझ्या हातात देण्याआधी तिनं तो डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं पुसला. तिच्या नवऱ्याचा होता. मी खिशातलं भिंग काढलं आणि वरच्या रंगीत मिन्याचा एक टवका उडालाय तो तिला दाखवला. तिचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती हे मला कळतं, पण खरं लिहायला बसलोय तर बरं वाटलं असंच लिहितो.

नापास करण्याला एक चव असते. भोसरीचा एखादा शेडवाला, म्हणजे छोटा कारखानदार, टेम्पो भरून माल घेऊन येतो, हात जोडून म्हणतो, "साहेब, केसभरच फरक आहे." मी म्हणतो, "मग केस कापून या." पदकं जमवणाऱ्यांच्या ग्रुपवरही माझी तीच ख्याती. निगडीच्या एका निवृत्त साहेबांनी मोठ्या हौसेनं पेराकच्या ताऱ्याचा फोटो टाकला होता, बायकोनं साठीला भेट दिला म्हणून. त्याखाली मी एकच शब्द लिहिला, 'रिजेक्ट'. साहेब ग्रुप सोडून गेले. त्यांचा तारा नकली होता हे खरं, पण ते मी त्यांना एकट्यालाही सांगू शकलो असतो.

बायकोला या खणांचा तिटकारा आहे. धूळ पुसताना ती दर वेळी म्हणते, "दुसऱ्यांच्या छातीवरचं काढून आणायचं आणि आपल्या कपाटात लावायचं. तुमच्या नावाचं काय आहे हो यात?" मी म्हणतो, तुला नाही कळायचं.

दुसऱ्या खणात एक खाच बरीच वर्षं रिकामी होती. एका छोट्या संस्थानाचं सेवापदक. नंतरच्या सुलतानाच्या काळातलं माझ्याकडं होतं, त्याआधीच्या सुलतानाचं नव्हतं. संस्थानाचं नाव सांगत नाही. संग्राहकांची जात वाईट, आणि मी त्यातलाच. दोन्ही पदकं एकाच घडणीची, एकाच मापाची. फक्त मधलं अक्षर वेगळं. ते जुनं पदक मिळावं म्हणून मी काय काय केलं ते सांगत बसत नाही, पण मिळालं नव्हतं.

आणि मग मला मामा आठवले.

मामा म्हणजे माझ्या पहिल्या कंपनीतले वरिष्ठ तपासनीस. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. मूळचे मावळातले, राहायला दापोडीत, रेल्वेच्या रुळालगतच्या गल्लीत. जाडी मोजायचं व्हर्नियर कसं धरायचं, आलेलं माप ड्रॉइंगवर दिलेल्या मापाशी कसं ताडायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यांचे दोन नियम होते. पहिला असा की, नापास माल त्याच दिवशी फोडायचा. तसाच ठेवला तर पुढच्या पाळीतला कुणीतरी चांगल्या मालात मिसळतो आणि कुठंतरी कुणाच्या गाडीचा ब्रेक जातो. दुसरा नियम लाल टॅगचा. नापास मालाला लाल टॅग बांधायचा आणि त्यावर तपासणाऱ्यानं सही करायची. "नाकारायचं तर नाव टाकून नाकारायचं," म्हणायचे. "बिनसहीचा टॅग म्हंजी चुगली."

हे मामा जेवणाच्या सुट्टीत वडिलांची गोष्ट सांगायचे. वडील दुसऱ्या महायुद्धाआधी मलायात गेले होते, त्याच संस्थानाच्या जुन्या सुलतानाच्या पागेत मोतद्दार होते, घोड्यांची निगा राखायचे. एकदा सुलतान स्वार असताना घोडा उधळला. वडिलांनी लगाम सोडला नाही. घोडा त्यांच्या पायावर पडला, पाय कायमचा गेला, सुलतान वाचला. सुलतानानं स्वतःच्या हातानं त्यांना पदक लावलं. आम्ही पोरं डबा खाता खाता एकमेकांना डोळा मारायचो. मामाची घोडेस्वारी सुरू झाली, म्हणायचो.

पंधरा वर्षांनी ती गोष्ट मला अचानक गोड वाटायला लागली. खंडेनवमीला मामा घरी हत्यारांची पूजा करतात आणि जुन्या लोकांना बोलावतात हे मला माहीत होतं. इतकी वर्षं मी कधी गेलो नव्हतो. या वेळी पेढे घेऊन गेलो. मामांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या, "आमचा चेला आलाय, चाकणला साहेब हाय आता."

पाटावर झेंडूच्या फुलांत मामांचं व्हर्नियर होतं, मायक्रोमीटर होता, एक जुनी कानस होती आणि मध्ये ते पदक होतं. वर भिंतीवर वडिलांचा फोटो, काठी टेकून उभे. मी पदक हातात घेतलं. तेच. जुन्या सुलतानाचं, अस्सल, कडा झिजलेल्या, मागच्या बाजूला अरबी वळणाची अक्षरं अजून स्पष्ट. 

सरळ मागितलं असतं तर कदाचित नाही म्हणाले असते. कदाचित काय, नाहीच म्हणाले असते. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी रीत. मी पदक उलटंसुलटं केलं, तोंड पाडलं आणि म्हणालो, "मामा, राग मानू नका. तुमचं व्हर्नियर द्या जरा."

मामांनी स्वतः माप घेतलं. जाडी वाचली, मोठ्यानं सांगितली. मी म्हणालो, "अस्सल पदक याच्यापेक्षा पातळ असतं. माझ्याकडं आहे, मला माप पाठ आहे. हे नंतर कुणीतरी ओतलेलं आहे. बाजारात असली ढिगानं मिळायची तेव्हा. तिकडून येणारे लोक घरी दाखवायला घ्यायचे."

खोलीत दहा-बारा माणसं होती. कुणीतरी हसलं. शेजारचा एक जण म्हणाला, "म्हंजी आजोबांनी पण टेपा लावल्या व्हय!" मामी आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच ट्रे धरून उभ्या राहिल्या. मामांनी पुन्हा माप घेतलं. माप तेच आलं. व्हर्नियरवर त्यांचा जन्माचा विश्वास. माझ्यावर त्याहून जास्त, कारण मला त्यांनीच घडवलं होतं. वडिलांवर विश्वास ठेवायला मग जागा कुठं उरली?

निघताना मी अगदी सहज म्हणालो, "घरात ठेवून काय करणार मामा? माझ्याकडं द्या. नकली कसं ओळखायचं ते नव्या लोकांना दाखवायला बरं पडेल."

"बघू," मामा म्हणाले. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. मी मनात म्हटलं, आठवड्यात येतंय. घरी येऊन मी ती खाच ब्रशनं साफ करून ठेवली.

आठवड्यातच आले. रविवारी सकाळी मामा स्वतः मोशीला माझ्या घरी आले, दोन बस बदलून. हातात प्लास्टिकची पिशवी. माझे हात शिवशिवायला लागले. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि मी ती उघडली.

आत चार तुकडे होते. पदक छिन्नीनं उभं-आडवं फोडलेलं होतं, आणि वरचं अक्षर ग्राइंडरवर घासून सपाट केलेलं. पिशवीला लाल टॅग बांधला होता. मामांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, वस्तू: पदक. कारण: नकली. तपासणाऱ्याची जागा कोरी होती.

"त्याच दिवशी फोडाय पायजे व्हतं," मामा म्हणाले. "चार-पाच दिस ठिवलं, माझं चुकलं. जीव व्हईना. काल भोसरीला वळखीच्या शेडमंदी जाऊन फोडलं. आता उद्या कुणी फसायचं न्हाई. तू तपासलंस, तवा सही तुझी."

मला दुःख झालं, पण कशाचं ते सांगतो: पदकाचं. समोर बसलेल्या माणसाचं नाही. मी पेन काढलं आणि सही केली. पूर्ण नाव टाकून.

"बाचा फोटू बी उतरवला," मामा म्हणाले. "पोरांनी इचारलं तर काय सांगू? पाय तरी कशानं गेला व्हता त्यांचा, द्येव जाणे." मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "खरं कसं असतंय, ते तरी दाव एकदा."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण संग्रह बघायला मागितला आणि दाखवला नाही, असं माझ्याकडून कधी झालेलं नाही. मी खण ओढला आणि नंतरच्या सुलतानाचं पदक त्यांच्या तळहातावर ठेवलं. मामांनी ते हातानंच तोललं. चाळीस वर्षं माल तोललेला हात. त्यांचा चेहरा बदलला. शर्टाच्या खिशातून त्यांनी व्हर्नियर काढलं, पदकाची जाडी घेतली, वाचली. मग पिशवीतला एक तुकडा काढला, त्याची न घासलेली कड धरली, जाडी घेतली, वाचली. दोन्ही वेळा चष्मा वर करून. फरक नव्हता.

मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"व्हर्नियर बरुबर व्हतं," ते हळू आवाजात म्हणाले. "ड्रॉइंग खोटं दिलंस तू मला."

मी काहीतरी बोलायला लागलो, की त्या काळी मापं बदलायची, मलाही नीट... त्यांनी ऐकलं नाही. माझं पदक त्यांनी दोन्ही हातांनी जपून खाचेत ठेवलं, जसं होतं तसं, सरळ. बाजूची रिकामी खाच त्यांना दिसली. ताजी साफ केलेली. त्या खाचेतून त्यांनी एकदा बोट फिरवलं.

मग त्यांनी पिशवीचा दोरा सोडला. चारही तुकडे रुमालात बांधले आणि खिशात घातले. "हे माझ्या बाचं हाय," म्हणाले. लाल टॅग टेबलावर माझ्याकडं सरकवला. "ह्ये तुझं."

बायकोनं चहा आणला होता, तो न घेताच गेले. मी त्यांना स्टॉपपर्यंत सोडायलाही गेलो नाही. नंतर जुन्या कंपनीतल्या एकानं सांगितलं की फोटो पुन्हा भिंतीवर लागलाय आणि त्याच्याखाली काचेच्या चौकटीत चार तुकडे जोडून बसवलेत. कुणी विचारलं की हे फुटलं कसं, तर मामा एवढंच सांगतात, "तपासणीत फुटलं." माझं नाव घेत नाहीत. पुढच्या खंडेनवमीला मला बोलावणं आलं नाही.

टॅग मी त्या खाचेत ठेवलाय. बायको धूळ पुसताना अजून विचारते की सुलतानांच्या मध्ये हे लाल चिटोरं कशाला.  तीन खणांत माझ्या नावाचं तेवढंच आहे.