तुरटी आणि तांब्याच्या चिरा

समजा, तुमच्या हातात काडेपेटीएवढा तांब्याचा ठोकळा आहे. कागदासारख्या पातळ करवतीनं त्याच्या पोटात शेजारी शेजारी चिरा पाडायच्या आहेत. त्यांतून पाणी वाहणार आणि खाली बसवलेल्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरची आग उचलून नेणार. चिरा जितक्या बारीक आणि दाट, तितकं तांबं पाण्याला जास्त भिडतं. पण हात जरा चळला की पातं तुटून तोंडावर येतं. सरस्वतीपुरमच्या गॅरेजात असे ठोकळे बनवून विकणाऱ्या फत्तेसिंगरावांनी एक पातं गालावर झेललं होतं.

एवढ्या बारीक चिरा तुंबतील, असं सगळे सांगत होते. त्यांनी ऐकलं नाही.

आणि आज त्यांचं गिऱ्हाईक, कुवेंपुनगरचा शरत, लोखंडी पाना घेऊन आत घुसला. फत्तेसिंगरावांचा ठोकळा बसवलेल्या कॉम्प्युटरवर तो चित्रपट बनवायचा. मशीन तापून बंद पडत होतं, तो चिडून पुन्हा चालू करत होता. शेवटी तापून मऊ झालेली नळी ठोकळ्यावरून निसटली आणि सगळं पाणी कॉम्प्युटरच्या आतल्या कार्डांवर सांडलं. शरतचा पहिला घाव ड्रिल मशीनवर बसला, दुसरा फत्तेसिंगरावांच्या खांद्यावर.

"वर्षाचं काम जाळलंस, गुरू," तो म्हणाला. तिसऱ्या फटक्यासाठी त्यानं हात उगारला.

"मार. पण आधी हा फोडून बघू."

शरतनं सोबत आणून फेकलेला ठोकळा त्यांनी शिकंज्यात आवळला. खांदा ठणकत होता, तरी छिन्नीवर घणाघाती घाव घातले. झाकण उखडलं. चिरा लालभडक गाळानं ठासून भरल्या होत्या.

आवाज ऐकून त्यांचे वडील गंगाधरराव दारात आले. त्यांचा जन्म सूत रंगवण्यात गेलेला. शरतला नळ्यांतून लाल पाणी खेळवायचं होतं, म्हणून रंग त्यांनीच दिला होता. त्यांनी वाकून पाहिलं.

"पक्का बसलाय की," ते खूश होऊन म्हणाले. "तुरटी घातली होती मी. तुरटीशिवाय रंग धरतो काय, फत्ते?"

"अप्पा, तो पाण्यातच राहायला हवा होता."

"मग तसं सांगायचंस. लाल म्हणालास, लाल दिलं."

तुरटीनं रंगाचा गाळ होतो आणि तो सुतात घट्ट बसतो. इथं सूत नव्हतं, म्हणून तो चिरांत बसला.

शरतनं म्हाताऱ्याची गळपट्टी धरून त्यांना भिंतीवर आदळलं. फत्तेसिंगरावांनी त्याच्या जबड्यावर ठोसा हाणला. दोघं तांब्याच्या किसात कोसळले, एकमेकांच्या नरड्याला झोंबत राहिले. शरतचा दात पडला, फत्तेसिंगरावांची भुवई फाटली. शेवटी दोघांची दमछाक झाली, तेव्हाच हात सुटले.

शरत रक्त थुंकत उठला. "तुरटी म्हाताऱ्यानं घातली. चिरा कुणी पाडल्या?"

तो निघून गेला. अप्पा भिंतीला टेकून खोकत होते. फत्तेसिंगरावांनी त्यांना पाणी दिलं आणि भुवईवर फडकं दाबून उघड्या ठोकळ्यासमोर बसले. चिरा दुप्पट रुंद असत्या, तर गाळ वाहून गेला असता कदाचित. पण मग तांबं कमी भिडलं असतं आणि शरतच्या कामात प्रोसेसर तसाही तापला असता. पाणी अडणार नाही आणि आगही विझेल, अशी चीर नेमकी किती रुंद?