ऊन पडायची वाट

नागपूरच्या महाल भागात आमच्या घरी हिवाळ्यात एक रीत पाळली जायची. अंगणात ऊन उतरल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. "ऊन निघू दे गा, मंग जाय," असं आई म्हणायची. सत्तरचं दशक लागलं तेव्हा मी हिमालयात रस्त्याच्या कामावर स्टोअरबाबू म्हणून गेलो. इतवारीच्या बाजारातून घेतलेलं ब्लँकेट तिथे आठवड्यातच हरलं. आईचं वाक्य मात्र टिकलं.

तळावर मराठी बोलणारा मी एकटाच. संध्याकाळी डाळीच्या पोत्यांशी बोलायचो. ती मधे तोंड घालत नसत. नागपूरला बायकोचे दिवस भरले होते आणि टपाल यायचं पलीकडच्या गावात. मधे एक उघडा, बर्फाचा उतार. तिथलाच म्हातारा मुकादम सारखं सांगायचा की रात्रीच्या थंडीनं बर्फ घट्ट होतो, उजाडायच्या आत पार व्हा. ऊन लागलं की थर सुटतात.

मी मान डोलवायचो. मग एक दिवस माझं पत्र आल्याचा निरोप मिळाला. दुसऱ्या सकाळी या शहाण्यानं काय करावं? चहा घेतला, मफलर गुंडाळला आणि सवयीनं ऊन पडायची वाट बघत बसला.

उताराशी पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. मुकादम मागून धापा टाकत आला. त्यानं काठी बर्फात खुपसली, ती मुठीपर्यंत गेली.

"बाबूजी, आज नहीं."

मी हुज्जत घालत होतो, तेवढ्यात समोरचा अख्खा उतार कापसाची गंजी ढासळावी तसा खाली गेला. माझं वाक्य अर्धंच राहिलं.

वाट अकरा दिवस बंद होती. बाराव्या दिवशी अंधारातच मुकादमाच्या मागे पार झालो आणि पोस्टाच्या पायरीवर पत्र फोडलं. मुलगी झाली होती. बायकोनं लिहिलं होतं, "बारशाचं नाव तुम्हीच तारेनं कळवा. मी वाट पाहून राहिली."

बारसं होऊन गेलं होतं. मी बाप होतो आणि इतके दिवस बटाटे निवडत होतो.

आता लेक कॉलेजात आहे. ही गोष्ट सांगितली की सगळे हसतात, मीही हसतो. मग ती विचारते, "बाबा, तुम्ही कोणतं नाव ठेवलं असतं?"

आठवत नाही, म्हणतो. पोत्यांना मात्र सांगितलं होतं.