रेडिएटरमधली पेज

आमच्या घरात अजूनही कुणी पेज केली की सगळ्यांची नजर एकदा माझ्याकडे वळते. सून तर पातेलं उतरवताना विचारतेच, "आये, ही प्यायची का गाडीत घालायची?" मी वाटी पुढे करते. बोलायला तोंड कुठे आहे. ती लग्न होऊन आली तेव्हा जीप आमच्या खळ्यात उभी होती. घरात गाडी आहे हे बघून तिच्या बापाने मुलगी दिली. गाडी हलत नाही हे त्याला पूजेच्या दिवशी कळलं, तोवर उशीर झाला होता.

जीप आली ती यांचा कारखाना बंद पडला त्या वर्षी. हायवेच्या कडेला होता कारखाना. एके दिवशी गेटला कुलूप लागलं आणि हे डबा तसाच भरलेला घेऊन घरी आले. पुढे काय करायचं याची आमच्या गावात तेव्हा दोनच उत्तरं होती. एक म्हणजे बंगल्यावर राखण. मुंबईची माणसं शहापूर-मुरबाडकडे जमिनी घेऊन बंगले बांधू लागली होती, आणि ज्याने जमीन विकली त्यालाच गेटवर बसवायचा प्रघात पडला होता. माणूस आपल्याच शेताला बाहेरून कडी घालून स्टुलावर बसायचा. आमचे हे म्हणायचे, "भीक मागीन, पन त्या गेटवर उभा राहनार नाय." दुसरं उत्तर गाडी. एसटी कमी, आणि मुरबाडला बाजाराला, कोर्टाला, माहेराला जाणारी माणसं मात्र पुष्कळ. जुनी जीप घ्यायची, शहापूरला सिटा भरायच्या, मुरबाडला उतरवायच्या, तिकडच्या भरून परत यायचं. कुणाच्या हाताखाली नाही.

गाडीला पैसा हवा. तो वरकसातून आला. वरकस म्हणजे आमचा चढावरचा तुकडा. भात होत नाही असा, नाचणी-वरीचा. घेणारा अर्थातच बंगलेवाला. म्हणजे राखणीला बसायचं नाही म्हणून आम्ही नेमकी तीच जमीन विकली, जिच्यावर उद्या राखणदार लागणार होता. हे मला तेव्हा दिसलं नाही. मला तेव्हा जीपच्या आरशात माझी टिकली दिसत होती.

आता त्या बाईबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे माझ्याबद्दल. चाळिशीची, दहावी पास, आळीतल्या सुनांमध्ये एकटी दहावी पास, आणि ते विसरायला कुणाला सवड न देणारी. घरात शिलाई मशीन होतं. ते उघडून, पुसून, तेल घालून परत जोडायची. त्यावरून जगातली सगळी यंत्रं आतून सारखीच असतात असा तिचा पक्का समज झालेला. ती बाई आज समोर आली तर मी तिला आधी बसवीन, पाणी देईन, आणि मग बाहेरून कडी लावीन.

जीपला पहिल्या महिन्यापासून एक खोड होती. ती पाणी प्यायची. सापगावच्या पुलापर्यंत जाईतो काटा वर, बॉनेटमधून वाफ. हे डबडं घेऊन पाण्याला धावायचे, सिटा खाली उतरून सावली शोधायच्या. शहापूरच्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने बघितलं आणि सांगितलं की रेडिएटर जुना आहे, खालून झिरपतोय, काढून झाळून, भोकं बुजवून घ्यावा लागेल. गाडी दोन-तीन दिवस ठेवा. हे ठेवायला तयार होते. मी नव्हते. गॅरेजात गाडी एका दुखण्यासाठी जाते आणि दुसरं घेऊन येते, हे मी तेव्हा आळीभर सांगत फिरत होते. अगदीच खोटं नव्हतं ते. क्लच करून आणला त्या आठवड्यात ब्रेक गेला, ब्रेक केला तर दिवे गेले. गॅरेजवाला म्हणायचा, म्हातारी गाडी आहे, एक सांधा धरला की दुसरा सुटतो. मी म्हणायचे, सुटत नाही, सोडतात.

मग आला हळदीचा दिवस. मी बाजार करून जीपमध्ये पुढेच बसलेले, पुलाजवळ नेहमीप्रमाणे वाफ. बाजूला एक ट्रकवाला थांबला होता. तो बघून म्हणाला, हळद असेल तर टाका पाण्यात, भोकात जाऊन बसते. माझ्या पिशवीत हळद होती. टाकली. थोड्या वेळात खालची धार थांबली. हे माझ्याकडे असं बघायला लागले जसं लग्नातही बघितलं नव्हतं. पुढे किती तरी फेऱ्या जीप वाफ न सोडता मुरबाडला जाऊन आली. हळद दुसऱ्याने सांगितली होती हे मी दोन दिवसांत विसरले. तिसऱ्या दिवशी मी शेजारणीला तिच्या मुलाच्या मोटारसायकलीबद्दल सल्ला देत होते.

हळद धुऊन गेली आणि पुन्हा थेंब सुरू झाले. हे म्हणाले, आता नेतोच शहापूरला. दुसऱ्या दिवशी मुरबाडचा बाजार, भरल्या सिटांचा दिवस. मी म्हटलं, बाजार सोडून गॅरेजात उभी करणार? थांबा, माझ्याकडे उपाय आहे.

उपाय असा. आमच्याकडे नवं मडकं आणलं की त्यात पहिल्यांदा पेज शिजवतात. तांदळाचं सत्त्व मातीच्या बारीक भोकांत जाऊन बसतं आणि मडकं पाझरायचं थांबतं. माझी सासू करायची, तिची सासू करायची, कुणाचं मडकं कधी गळलं नाही. मी विचार केला, रेडिएटर म्हणजे तरी काय, पाणी तापवायचं मडकंच की. हळदीने एवढं झालं तर पेजेने किती होईल. हे घुटमळले. म्हणाले, "अगो, पन ती आत शिजंल." मी म्हटलं, "शिजायलाच हवी. शिजल्याशिवाय बसंल कशी?" ते तांदूळ काढायला गेले. दहावी पास बाईपुढे दुसरं काय करणार.

नव्या तांदळाची दाट पेज केली. धोतराच्या फडक्याने गाळली, कारण शितं नळीत अडकतील एवढी अक्कल मला होती, आणि त्या अकलेचा मला फार अभिमान वाटला. ओतली. थेंब थांबला. मी बॉनेटला हळदकुंकू लावलं.

सकाळी जीप दाबून भरली. मी पण गेले, उपाय चालतो कसा ते बघायला. किन्हवली मागे पडली आणि चढ लागला, तशी वाफ आली, पण नेहमीची नाही. जाड, संथ. यांनी फडकं धरून झाकण सैल केलं आणि पांढरा फेस उतू गेला, चुलीवर जातो तसाच, बाजूने ओघळत. सगळ्या जीपभर वास सुटला. मागे भाजीच्या टोपल्या घेऊन बसलेली एक म्हातारी झोपेतून जागी झाली आणि म्हणाली, "कुनाकडं जेवान हाय गो?"

सिटा पायी निघाल्या. ट्रॅक्टरला दोर बांधून जीप शहापूरला आणली. गॅरेजवाल्याने खालची नळी काढली, त्यातून थुलथुलीत पांढरे गोळे पडले. त्याने एक गोळा बोटावर घेतला, हुंगला, मग यांच्याकडे न बघता सरळ माझ्याकडे बघितलं.

"वयनी, मीठ टाकायला इसरल्या."

गॅरेजातली सगळी माणसं हसली. हे पण हसले असते, पण पुढचं वाक्य आलं. पाणी फिरलं नाही म्हणून इंजिनाचं वरचं झाकण, हेड, तापून वाकलं, आता इंजिन उघडावं लागेल. खर्च ऐकून हे तिथल्या टायरवर बसले. वरकसाचे पैसे गाडीत गेलेले, राहिलेले क्लच-ब्रेकात. मी टायरजवळ उभी राहून हळूच म्हटलं, घरी करू. कारखान्यात फिटर कसं करायचे ते तुम्ही रोज बघत होता ना. ते कारखान्यात पॅकिंगला होते. फिटर त्यांनी जेवणाच्या सुट्टीत बघितले होते, डबा खाताना. पण यांना तेव्हा बंगल्याचं गेट दिसत असणार. काही न करता घरी गेलं तर गेटच होतं. ते उठले.

त्यांच्या एका मावसभावाने नट काढायचे पाने दिले, आणि पुढे वाकलेलं हेड निघाल्यावर ते ओळखीच्या लेथवाल्याकडून घासून आणि रेडिएटर झाळून त्यानेच आणून दिला. जीप पुन्हा दोराने ओढून घरी आणली, खळ्यात पोतं अंथरलं. बॉनेटपासून सुरुवात करून ते एकेक काढत गेले आणि मी घरातली सगळी सुपं आणून त्यांत ओळीने मांडत गेले. पहिल्या सुपात पहिलं काढलेलं, दुसऱ्यात दुसरं. कोंबड्यांना हाकायला सासूबाई काठी घेऊन बसल्या. खरं सांगते, ते दिवस मला आवडले. आम्ही दोघं आयुष्यात इतका वेळ एका कामाला कधी बसलो नव्हतो. ते काढताना मोठ्याने बोलायचे, हा इथला, हा त्याच्या खालचा, आणि मी सुपाकडे बघून हो म्हणायचे. एकही नट चुकला नाही. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

चुकलं ते वेगळंच. सगळे भाग काळे, तेलकट, वर्षानुवर्षांचे. ते बघून माझ्यातली गृहिणी जागी झाली. मी नारळाच्या शेंड्या घेतल्या, चुलीतली राख घेतली, आणि घासायला बसले. आमच्या घरचा तांब्याचा हंडा गावात सगळ्यात जास्त चकाकायचा, तर गाडीचं आतलं का मागे राहावं. पिस्टनचे दट्टे घासले, नळ्या घासल्या, बारीक बारीक भोकांतून राखेचं पाणी फिरवलं. वरून पाणी ओतून उन्हात चटईवर वाळवलं. यांनी एकदा विचारलं, एवढं कशाला घासतेस. मी म्हटलं, मळकट वस्तू परत आत घालायच्या का? ते एक दट्टा उन्हात धरून बघत राहिले. इतकं चकचकीत इंजिन त्यांनीही पाहिलं नव्हतं.

जोडलं. चावी फिरवली. एकदा घुरघुरली, दोनदा, आणि सुरू झाली.

आळी गोळा झाली. सासूबाईंनी नारळ फोडला. मी पदर खोचून उभी होते आणि गॅरेजवाल्याच्या नावाने जे जे सुचेल ते बोलत होते. हे आत बसून नुसते ऐकत होते, इंजिनाचा आवाज. त्यांचा चेहरा मला आठवतो. म्हणून मी ही गोष्ट हसत सांगते, कारण दुसऱ्या तऱ्हेने ती मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी जीप मुरबाडला गेली, परत आली, पुन्हा गेली. त्या फेरीहून येताना पुलाच्या अलीकडे आवाज बदलला. जातं रिकामं फिरवलं की दगडावर दगड घासतो, तसा. मग एक झटका, आणि सगळं थांबलं. हे उतरले नाहीत. सिटा उतरून गेल्या तरी ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होते.

जीप ओढून घरी आणल्यावर गॅरेजवाला या वेळी स्वतः खळ्यात आला. खालून तेल काढलं, चिमटीत चोळलं. तेल करडं होतं, बोटांना खरखरत होतं. त्याने चुलीच्या दिशेने बघितलं, मग माझ्याकडे.

"राख?"

मी होकाराची मान हलवली. तो या वेळी काही गमतीचं बोलला नाही. तेव्हाच मला समजलं की गाडी गेली.

मी त्याला विचारलं, पहिल्यांदाच तुमच्याकडे दिली असती तर? तो हात पुसत म्हणाला, "तवा झाळून दिला असता, वयनी. पन गाडीच थकल्याली. फार तर येक वरीस काढलं असतं." बरं वाटावं म्हणून म्हणाला की खरंच तसं होतं, कोण जाणे. खरं असेल तर माझ्या शहाणपणाने आमचं एक वर्ष गेलं. खोटं असेल तर सगळंच गेलं. मी दोन्ही धरून पाहिलं आहे. कुठलंच हलकं लागत नाही.

जीप खळ्यातच राहिली. पहिल्या पावसाळ्यात हे सकाळी तिच्या काचा पुसायचे. दुसऱ्या पावसाळ्यात पुसायचे थांबले. भात झोडायला जागा अपुरी पडायची तरी ती तिथून हलवायची भाषा कुणी काढली नाही. काही वर्षांनी, सून आल्यावर, तिनेच भंगारवाल्याला हाक मारली. नवी असल्यामुळे तिला ते जमलं. भंगारवाल्याने इंजिन बघून विचारलं, आत एवढं लख्ख कसं? सून आत येऊन माझ्यासमोर तोंडाला पदर लावून उभी राहिली.

तोवर वरकसावरचा बंगला पुरा झाला होता. साहेबांना तिथली जमीन ठाऊक असलेला माणूस हवा होता, पाणी कुठून वाहतं, साप कुठे निघतात ते सांगणारा. असा माणूस एकच होता. हे गेले. ते एकदा भीक मागीन म्हणाले होते, त्याची आठवण मी काढली नाही. खाकी शर्टाची बटणं घट्ट होती, ती मीच काढून पुढे लावून दिली. आमच्या नाचणीच्या चढाला आता लोखंडी गेट आहे आणि ते आमचे हे उघडतात.

साहेब आठवड्याच्या शेवटी येतात. गाडी मोठी, पांढरी. ती उघडून बघायला मनाई आहे, ती कंपनीच्या गॅरेजला जाते. नुसती बाहेरून धुवायची. एका रविवारी हे संध्याकाळी घरी आले, चप्पल काढली आणि पडवीत बसत म्हणाले, "आज साहेबांच्या गाडीत पानी भरायला सांगितलं."

मी निवडत होते ते सूप खाली ठेवलं. म्हटलं, "पानीच ना?"

मला वाटलं हसतील. इतक्या वर्षांनी तरी.

"काचा पुसायचं पानी असतं ते," ते म्हणाले. "वरून एक झाकन असतं लहान. बाटली त्यांनीच दिली. भरून झाकन लावलं."

मग त्यांनी पेज मागितली, आणि मी वाढली.