गळा सुटल्यानंतरचा श्वास

धाकट्या बहिणीचा नवरा तिला मारायचा. तिचा हात मोडला तेव्हा मी तिला चिखलोलीला माझ्या घरी घेऊन आले. हात बरा झाल्यावर मी काम करते त्याच कारखान्यात तिला लावलं. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात मी जीन्स शिवते. तिला इस्त्रीचं टेबल मिळालं.

एका दुपारी तिचा नवरा तिथं आला. बहीण मागच्या खोलीत माल आणायला गेली होती. ती कुठं आहे, त्यानं विचारलं. सांगणार नाही म्हटलं. मी मशीनवरून उठायच्या आत त्यानं माझा गळा धरून मला कपड्यांच्या ढिगावर पाडलं.

"ताई, तुम्ही मध्ये पडू नका," तो म्हणाला.

त्यांचं लग्न झाल्यापासून त्यानं मला कधी अगंतुगं केलं नव्हतं. गळा दाबतानाही केलं नाही. त्याचे अंगठे नरड्यात रुतत होते. मी त्याची मनगटं ओरबाडली, रक्त काढलं, पण पकड सुटेना. डोळ्यांपुढं लाल झालं, मग काळं. आणि करपल्याचा वास आला. बहिणीनं तापलेली इस्त्री त्याच्या पाठीत दाबली होती. तो गुरासारखा ओरडला. मग कारागिरांनी त्याला इतकं तुडवलं, की शेठनं पोलीस बोलावले नसते तर तो मेलाच असता.

मानेवरचे वळ गेले, पण मागून कुणी आलं की माझा हात उठायचा. शेजारच्या मशीनवरची बाई माझ्या मानेला चिकटलेला धागा काढायला आली, तर मी कात्री फिरवली. तिच्या दंडाला टाके पडले.

शेजारचे काका म्हणाले, प्राणायाम कर. त्यांनी खोल श्वास घ्यायला शिकवलं. छाती भरली की गळा आवळायचा आणि ते अंगठे परत यायचे. एकदा तशीच बसलेली असताना मी हाताशी होतं ते ताट भिंतीवर फेकलं.

शेवटी बहिणीनं मला अंबरनाथला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी सांगितलं, की गळा सुटलाय हे मेंदूला अजून कळलेलंच नाही, तो धोक्याची घंटा वाजवत राहतो, आणि समजावून ती थांबत नाही. त्यांनी गोळ्या दिल्या. श्वासाचं मात्र उलटंच सांगितलं.

"घ्यायचा विचार करू नका. नुसता सोडा, सावकाश. सोडताना काळजाची धडधड उतरते, तेवढं मेंदूला समजतं. घ्यायचं काम शरीर आपोआप करतं."

मशीनवर लांब शिवण आली की मी श्वास सोडत जायची. सुरुवातीला काहीच झालं नाही, उलट चिडचिड वाढली. मग एके दिवशी लक्षात आलं, की दाराकडे पाठ करून मी अख्खी पँट शिवून काढलीय.

कोर्टात तो समोर उभा होता. त्याच्याकडे बोट दाखवायला सांगितलं तेव्हा माझा आवाज बंद झाला. मी श्वास सोडला, पुन्हा सोडला. न्यायाधीश थांबले. मग मी सगळं सांगितलं, अंगठ्यांपासून.

त्याला शिक्षा झाली. बाहेर पायऱ्यांवर बहिणीनं विचारलं, "ताई, आता राग गेला का गं?"

मी नाही म्हणाले. अजूनही कधी कधी वाटतं, त्याचं डोकं धरून फरशीवर आपटावं. फक्त आता हात उठायच्या आधी मला ते कळतं.