हाइन्झने भरलेली फट

हे मी बायकोला सांगितलं नाही, मुलाला तर नाहीच. ती गेली, मुलाला वेळ नसतो. तुम्ही बसलाच आहात तर ऐका.

मी दाभोळकडचा. शाळा चौथीत सुटली. वडील गलबतं बांधायचे, त्यांच्या हाताखाली शिकलो, मग खलाशी होऊन जर्मन जहाजांवर आलो नि ब्रेमरहाफनला राहिलो. इथल्या धक्क्याला एक जुनं लाकडी जहाज होतं. तरुणपणी त्याने संशोधकांना बर्फाच्या समुद्रात नेलं. पुढे ते सील मारायला गेलं, मग मासळीला, नि शेवटी – शाळेच्या पोरांना दाखवायला उरलं. माझा शेजारी हाइन्झ त्याच्या शेवटच्या बर्फाच्या सफरीत सुतार होता. म्हातारपणी आम्ही दोघं ते सांभाळायचो. हौस म्हणून.

एका उन्हाळ्यात जहाज वर ओढलं, फळ्यांमधल्या फटी भरायला. इथली रीत डांबरात भिजवलेल्या तागाची. आमची कापूस, राळ नि तेलाची. मी म्हटलं, माझ्या बापाची गलबतं अशीच तरली. हाइन्झ हसला. "गणपत, तो मसाला घरी भाजीत घाल."

एवढ्याने झोंबावं का माणसाला? झोंबलं.

तो डॉक्टरकडे गेला त्या दिवशी, त्याने भरलेला, पाण्याखाली जाणारा एक पट्टा मी उकरला. माझ्या रीतीने भरला, वरून डांबर फासलं. हिवाळा निघाला की सांगणार होतो – बघ, टिकलं ना?

नाही टिकलं. आमच्या उबेतली राळ ती, इथल्या थंडीत तडकली. जहाज धक्क्याला बांधल्या जागीच बुडालं.

वर काढलं तेव्हा मी सगळ्यांच्या आधी खाली शिरलो. फटीतून कापूस लोंबत होता – ओढून काढला नि खिशात कोंबला. मागून जहाज ज्यांच्या ताब्यात होतं त्या समितीची माणसं आली. फट रिकामी, नि पट्टा हाइन्झचा हे सगळ्यांना ठाऊक. म्हातारा भरायचंच विसरला, म्हणाले. त्याला कोणी रागावलं नाही. नुसती जहाजाची किल्ली काढून घेतली.

जहाज पुढे तोडलं. पण सांगायचंय ते हे नाही. मी उगाच जहाजाभोवती फिरतोय.

हाइन्झ माझ्याकडे आला. टोपी न काढता स्वयंपाकघरात बसला. "मी भरलं होतं, गणपत. तू तिथेच होतास ना?"

भांडायला नव्हता आला. आपलं डोकं ठिकाणावर आहे की नाही, एवढंच विचारायला आला होता – नि ते माझ्याशिवाय कोण सांगणार होतं?

मी म्हणालो, "विसरला असशील. वय झालं आपलं."

"हो, हो," म्हणाला. हळूच. नि उठला.

त्यानंतर तो सगळंच विचारू लागला. दार लावलं का, शेगडी बंद केली का, आज वार कोणता. मग आपणहून वृद्धाश्रमात गेला. मी दर रविवारी जायचो. कुठल्याही रविवारी सांगता आलं असतं. आम्ही पत्ते खेळायचो. पान टाकायच्या आधी तो माझ्याकडे बघायचा, बरोबर आहे का म्हणून – नि मी मान हलवायचो. पान बरोबरच असायचं.

गेल्या थंडीत तो वारला. त्याचं डोकं शाबूत होतं. मला ठाऊक होतं.