इस्त्री करून आणलेली शाल

माझी आई जुन्या कपड्यांचे डाग आणि वास काढते, आणि काढताना शिव्या देते. डागांना नाही, माणसांना. लोक लाजेपोटी कपडा आधी घरी गरम पाण्यात बुचकळून, इस्त्री करून, वर अत्तर मारून आणतात. "न्हाव्याकडे कोणी आधीच डोकं भादरून जातं का हो?" आई गिऱ्हाइकाला तोंडावर विचारते. खरंच आहे तिचं. रक्ताला, दुधाला गरम पाणी लागलं की डाग धाग्यात शिजतो. मग तो कोणाच्या बापालाही निघत नाही.

मागच्या महिन्यात मामा दुकानात आला. बहिणीकडे आल्यासारखा आत आला नाही, गिऱ्हाइकासारखा काउंटरपलीकडेच उभा राहिला. पिशवीत आजीची रेशमी शाल होती, कडक इस्त्री केलेली. आजीला जाऊन वर्ष झालं होतं, आणि शाल आता मामाच्या मुलीला लग्नात हवी होती.

"थोडे डाग आहेत, चहाचे असतील," तो म्हणाला. "मी गरम पाण्यात धुऊन पाहिली. तेवढे काढ."

आईने नेहमीसारखी आधी शाल हुंगली. अत्तराखाली डांबरगोळ्या, आणि त्याखाली खोकल्याचं औषध. मग तिने ती खिडकीशी उजेडात धरली. तपकिरी डागांना कडा होत्या, कडांवर पुन्हा कडा. एकदाच सांडलेल्या चहाचा डाग असा दिसत नाही. पडला, धुतला, त्यावर पुन्हा पडला, असं बरेच महिने चाललं की असा दिसतो.

"हे रक्त आहे," आई म्हणाली. "आई रक्त ओकत होती?"

मामा रिकाम्या पिशवीची घडी घालू लागला.

"दर रविवारी फोन करत होते मी. तू म्हणायचास, झोपलीये. शेवटी म्हणालास, झोपेतच गेली."

"तुझं दुकान होतं, पोरीची परीक्षा होती. म्हटलं, उगाच कशाला तुला त्रास."

"त्रास?" आई एवढ्याने ओरडली की शेजारचा चांभार बाहेर आला. "मिळेल त्या बसने आले असते! उशाशी बसले असते तिच्या! हा नसता शहाणपणा करायला तुला कोणी सांगितलं होतं?"

मला तर मामाच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. अजूनही वाटते.

"डाग काढणार आहेस की नाही? लग्न तोंडावर आलंय."

"निघत नाही आता. तूच शिजवलास. आणि निघत असता तरी मी काढला नसता."

शाल तिने परत दिलीच नाही. मामा तणतणत निघून गेला. आईने ती डागांची बाजू वर ठेवून खांद्यावर घेतली आणि कामाला बसली. संध्याकाळी कोट घेऊन आलेल्या एका बाईंना हसू आलं.

"अहो, लोकांचे डाग काढता आणि स्वतःच्याच शालीवर एवढे?"

"माझ्या आईचं रक्त आहे," आई म्हणाली. "भावाने इस्त्री करून आणून दिलं."